फायबरवाले काका, रॉकेट परत उडालं हो!

काका,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये, नात वाचून दाखवेल. आणि बंदरावर तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "गप रे" करून होडीखाली शिरता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

शाळेच्या पोरांचं ते मॉडेल रॉकेट घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा त्याची अवस्था बघवत नव्हती, पुठ्ठ्याची नळी तोंडापासून खाली उभी चिरलेली, एक फिन (शेपटाजवळचं पातं) मुळातून गेलेला, थर्माकोलचं नाक कातळावर आपटून चेपलेलं. बाकी ज्याला दाखवलं तो म्हणाला फेविकॉल लाव नाहीतर नवीन घे. तुम्ही एकटेच म्हणालात, "ह्यां फाटला कसा तां आधी सांग, मगे बघूया."

मग मी सांगत बसलो की मोटर सी६-५ होती, म्हणजे जळून संपल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकणारी, तोवर रॉकेट वरून उलटून जोरात खाली यायला लागलं होतं, पॅराशूट उघडलं तसा दोरीला हिसका बसला आणि दोरीनेच नळी चिरली. तुम्ही लगेच म्हणालात, मग दोरी लांब कर आणि तोंड जाड कर. झालं! रॉकेटवाले नेमकं हेच करतात काका, तुम्हाला कोणी शिकवलं?

चिरलेला भाग कापून आत जोडनळी, वर नवीन तुकडा, आणि तोंडाला बारीक टिश्यू मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या पातळ कापडाचा, एकच थर. एवढ्या मोठ्या होड्यांना फायबर मारणारा माणूस ब्रशने रेझिन टिपून टिपून काढतोय, हे बघायला पोरं अक्षरशः अंगावर चढली होती. थर्माकोलच्या तुकड्यावर रेझिनचा थेंब टाकून तो कसा विरघळतो ते दाखवलंत, त्या दिवसापासून वर्गात तेवढाच विषय चालू आहे. म्हणून नाक पांगाऱ्याच्या लाकडाचं झालं. आणि जुन्या फिनच्या लाकडाची रेषा नळीला समांतर आहे म्हणून तो मुळात मोडला, रेषा बाहेरच्या बाजूला जायला हवी, हे तर आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

एका गोष्टीवर आपलं वाजलं. तुम्हाला फिनना पण जाड फायबर मारायचं होतं आणि मी नको म्हणत होतो, कारण शेपटाकडे वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, तो हवेच्या दाबाच्या मध्याच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या जागेच्या) पुढे निदान नळीच्या व्यासाएवढा तरी राहायला हवा, नाहीतर रॉकेट हवेत कोलांट्या मारतं. तुम्ही ऐकून घेतलंत, काही बोलला नाहीत, आत जाऊन जाळ्याचं शिसं आणलंत आणि नाकात बसवलंत. मग तोल साधतो तिथे दोरी बांधून डोक्यावर गरागरा फिरवलं, नाक पुढे ठेवून सरळ फिरलं!

उडवलं सड्यावर, कातळाच्या माळावर, सकाळचा जमिनीकडून येणारा मतलई वारा पडल्यावर आणि समुद्राकडचा खारा वारा सुटायच्या आधी, ही वेळ पण तुमचीच, नाहीतर पॅराशूट गेलंच असतं समुद्रात. वजन वाढलं म्हणून या वेळी सी६-३ लावली, म्हणजे ३ सेकंदांनीच पॅराशूट फेकणारी, पॅराशूट अगदी वरच उघडलं, नळीवर ओरखडा नाही.

पोरांना मी थुंब्याचं सांगितलं, १९६३ साली भारतातून अवकाश संशोधनासाठीचं पहिलं रॉकेट उडालं ते केरळातल्या मच्छीमारांच्या गावातून. त्यावर एक पोरगी म्हणाली, मग तिथे पण फायबरवाले काका असतील. आता यावर काय बोलणार?

रेझिनचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते मी तुमच्या सुनेकडे दिलेत, चिडू नका. पुढचं रॉकेट दोन टप्प्यांचं करायचं पोरांच्या डोक्यात आहे, जोड कसा बसवायचा ते विचारायला रविवारी येतोय सगळे. चहा आम्ही आणतो.

तुमचा,
रॉकेटवाला मास्तर