उंबऱ्यावरचा बर्फ

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तू सुचवलेला 'नोई आल्बिनोई' हा आइसलँडचा चित्रपट तुझ्या आईने आणि मी रविवारी रात्री पाहिला. दीड तास हसवून झाल्यावर दिग्दर्शकाने ऐनवेळी हिमप्रपात आणला आणि कथा कशीबशी मिटवली, ही तुझी तक्रार मला पटली नाही, म्हणून हे पत्र.

पहिलेच दृश्य आठव. चित्रपटाचा नायक नोई दार उघडतो तो समोर बर्फाची भिंत, आणि तो निमूटपणे फावड्याने वाट काढू लागतो. आपण हसतो, पण शेवटी जे येणार आहे, ते तिथेच उंबऱ्यावर उभे असते. पुढे, वर्गात स्वतःऐवजी टेपरेकॉर्डर पाठवणाऱ्या या मुलाला शाळेतून काढल्यावर काम मिळते ते गोठलेल्या जमिनीत कबरी खणण्याचे. भविष्य सांगणाऱ्याला मरणाखेरीज काही दिसत नाही. घरी रक्ताचे पातेले घरच्यांच्याच अंगावर सांडते. तो बंदूक घेऊन बँक लुटायला जातो, तर त्याला दटावून बाहेर काढतात. गाव नोईला गंभीरपणे घेत नाही, आणि त्याच सवयीने आपणही या खुणा थट्टेवारी नेतो. दिग्दर्शक दागुर कारीचा खरा डाव मला हा वाटतो.

शिवाय २००३ च्या या चित्रपटाचे चित्रीकरण झाले ते वायव्य आइसलँडमधल्या बोलुंगारविक गावात. त्याच भागात १९९५ च्या जानेवारीत सूदाविक येथे १४ आणि ऑक्टोबरमध्ये फ्लातेइरी येथे २० माणसे हिमप्रपातात दगावली. तिथल्या प्रेक्षकाला पडद्यावरचा डोंगर नुसता देखावा वाटला नसणार.

पेट्रोल पंपावरच्या ईरिसचे पात्र अर्धवट राहिले आहे, हे तुझे म्हणणे मात्र मान्य. तिच्यापेक्षा नातवाला जागे करण्यासाठी खिडकीतून बार काढणारी आजी कितीतरी जिवंत आहे. वाढदिवसाला व्ह्यूमास्टर, म्हणजे डोळ्याला लावून चित्रे पाहायचे खेळणे, देते तीही तीच. जमिनीखालच्या ज्या बिळात नोई सगळ्यांपासून लपून बसायचा, त्यानेच तो हिमप्रपातातून वाचतो. मागे उरतात त्या व्ह्यूमास्टरमधली नारळाची झाडे.

चित्रपट संपल्यावर तुझी आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीला तरी वाचवायचे होते." मी तिलाही त्या पहिल्या दृश्याची आठवण करून दिली, पण तिने ऐकून घेतले नाही.

तुझा,
बाबा