काकू, त्या रिकाम्या वाटीबद्दल

काकूंना सप्रेम नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. तुमची सून वाचून दाखवेल, आणि तुम्ही "काय हे, एवढं कशाला लिहायचं" म्हणत पोळी उलटाल. तरी लिहिते आहे, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. माझं वजन उतरलं त्याचं कौतुक लोक माझ्या जिद्दीचं करतात. तुमच्या पोळीभाजी केंद्रातल्या शेगडीचं नाव कुणी घेत नाही.

माझं वजन उतरवायचं बायपासचं ऑपरेशन, हृदयाचं नव्हे, पोटाचं, पुण्यात झालं. डॉक्टर चांगले होते, त्यांच्याबद्दल काडीची तक्रार नाही. शुगर आटोक्यात आली, इन्सुलिन सुटलं, जिना चढताना गुडघे बोलायचे ते थांबलं. पण पोटाची पिशवी जेमतेम ३० मिलीची करून ठेवली, तरी जिभेला कुणी टाके घालत नाही. पहिले काही महिने भूकच कळत नाही, केस गळतात, गोळ्या-व्हिटॅमिनं जन्माची मागे लागतात, ते सगळं निभतं. त्यानंतर एखाद्या संध्याकाळी शेजारच्या घरातून तूप-जिऱ्याच्या फोडणीचा वास येतो आणि जीव कासावीस होतो. साबुदाण्याची खिचडी आणि चिवडा, माझे हे दोन जुने वैरी. पहिला घास घेतला की हात थांबत नाही असे पदार्थ. त्यातही चिवडा, फरसाण, बिस्किटं तोंडातच विरतात आणि त्या चिमुकल्या पिशवीतून सरकन खाली उतरतात, पोट भरल्याची खूण मिळतच नाही. तेच अंडं किंवा पनीर दोन-चार घासांत थांबवतं. हे मला आता कळतं. तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं.

सांगायचं काम जिचं होतं, त्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक छापील कागद हातात ठेवला. झुकिनीच्या शेवया, बदामाच्या पिठाचा ब्रेड, अव्होकाडो, किनोआ. सांगलीच्या मंडईत मेथी-शेपूच्या ढिगात मी झुकिनी शोधत फिरायचं? आणि किनोआ तर धान्यासारखंच पिष्टमय, ते त्या कमी पिष्टाच्या यादीत काय करत होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी धीर करून खिचडीचं विचारलं. स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "एवढं मोठं ऑपरेशन करून घेतलंत, आता जिभेवर ताबा नको?" काकू, मी एवढ्या लांबून गाडी करून गेले होते. फी भरली आणि परत आले.

घरच्यांचं तर विचारूच नका. सत्यनारायणाला एका नातेवाईक बाईंनी शिऱ्याचा गोळा हातावर ठेवला. "प्रसादाला नाही म्हणू नये गं, एका घासाने काय होतंय." बायपासनंतर साखर त्या छोट्या पिशवीत थांबत नाही, लहान आतड्यात एकदम कोसळते. डंपिंग म्हणतात त्याला. वीसेक मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने ब्लाउज भिजला, पोटात मुरडा. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली, आणि बाहेर त्याच बाई सांगत होत्या, "एवढे पैसे घालवले, आता धड खाताही येत नाही हिला." आग्रह करणाऱ्याला त्रास कधीच होत नाही. तो खाणाऱ्यालाच होतो.

आणि मग तुम्ही. आमच्या यांनी पोळ्या आणायला आल्यावर तुमच्याजवळ काहीतरी पुटपुटलं असणार. दुपारी पदराला हात पुसत तुम्ही दारात उभ्या. "काय चालतं आणि काय नाही, ते सांग. आणि सगळ्यात जास्त काय आठवतं, तेही सांग." दुसरा प्रश्न तोवर मला कुणीही विचारला नव्हता. ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर तुम्ही लिहून घेतलंत: दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, जेवताना ती आधी, साखर नाही, पोहे-साबुदाणा-पीठ जमेल तेवढं कमी, जेवणाबरोबर पाणी नाही. प्रथिनं म्हणजे वरणच ना, असं तुम्ही विचारलंत. डाळीत प्रथिनांपेक्षा पिष्ट जास्त असतं म्हटल्यावर वाद घातला नाहीत. "बरं, मग सोयाबीन, अंडी, पनीर, चक्का," म्हणालात आणि तेही लिहून घेतलंत.

आषाढी एकादशीला तुम्ही फराळाला बोलावलंत. मी येणार नव्हते. १०० ग्रॅम साबुदाण्यात जवळपास ८८ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं नावालाही नाहीत. त्या परातीसमोर बसायचं कसं? पण तुम्ही वेगळी खिचडी केली होती. घरी दूध फाडून पनीर केलं, त्यावर वजन ठेवून वडी न पाडता फडक्यात ओलसरच ठेवलं आणि बोटांनी साबुदाण्याएवढे दाणे मोकळे केले. तूप, जिरं, हिरवी मिरची, बटाट्याऐवजी लाल भोपळ्याच्या बारीक फोडी. पनीर शेवटी घालून नुसती एक वाफ, कारण जास्त परतलं तर ते चिवट होतं, हे तुम्ही आधी दोनदा करून पाहून शोधलं होतं. वरून दाण्याचं जाडसर कूट आणि लिंबू. साबुदाण्याचा तो लवचिक, चिकट घास त्यात नाही, खोटं कशाला सांगू. पण वास तोच, कूट दाताखाली येतं तेही तसंच, आणि चार चमच्यांत पोट म्हणालं, पुरे.

आता त्या वाटीबद्दल.

माझ्या पानाशेजारी तुम्ही एक रिकामी वाटी ठेवली होती. वाढता वाढता वाकून हळूच म्हणालात, "जास्त झालं की यात काढ, मी उचलून नेते." आपल्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं, पानात टाकायचं नाही. ऑपरेशननंतर हीच सगळ्यात मोठी धास्ती होते. चौथा घास सुखाने जातो, पाचव्याला छातीत दगड अडकल्यासारखं होतं, आणि पान तर समोर भरलेलं. उठावं तर अन्नाचा अपमान, खावं तर न्हाणीघराकडे धाव. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं मी याच भीतीने टाळत आले होते. तुमच्या त्या स्टीलच्या वाटीने मला थांबायची मुभा दिली.

आणि मग माझं लक्ष गेलं. अशी वाटी सगळ्यांच्याच पानाशेजारी होती. बाकीच्या बायका त्यात खिचडीतल्या मिरच्या काढत होत्या. कुणाला काही वावगं वाटलं नाही, माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. भांडी घासायचं एवढं काम तुम्ही वाढवून घेतलंत, ते मी एकटी उठून दिसू नये म्हणून. पाण्याचा तांब्याही तुम्ही आधी न आणता जेवणं झाल्यावर बऱ्याच वेळाने फिरवलात. मला तेव्हा रडू आलं नाही. घरी येऊन आलं.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठी देणगी, मोठा त्याग आठवतो. मला वाटतं, समोरच्याला अडचणीचं काय होतं हे आधी विचारून घ्यायचं आणि नंतर त्याचा गाजावाजा करायचा नाही, यालाच खरी माणुसकी लागते. ती पदवीने येते असं नाही. डायलिसिसवाल्या शेजाऱ्याची भाजी पाण्यात उकळून ते पाणी टाकून देणारी वहिनी पाहिली आहे मी, आणि मधुमेही मित्रासमोर आपलाही चहा बिनसाखरेचा घेणारे गृहस्थही. अशी माणसं गावोगाव आहेत, त्यांच्यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही.

पुढे तुम्ही थांबला नाहीत. पाडव्याला चक्का घोटून केशर-वेलचीचं, साखरेऐवजी स्टीव्हियाच्या गोड पानांच्या अर्कावरचं श्रीखंड. दिवाळीला भाजलेले सोयाबीन, दाणे, भोपळ्याच्या बिया, खोबऱ्याचे काप आणि भरपूर कढीपत्त्याचा चिवडा. मखाने घालू का, हे तुम्ही विचारलंत आणि त्यात पिष्टच फार, म्हटल्यावर बाजूला ठेवलेत. मला सगळ्यात पटलं ते हे, की तो चिवडा डब्यात न देता मूठ-मूठभर पुड्या बांधून दिलात. पर्यायी खाणंसुद्धा डब्यातून सुरू झालं की तळ गाठतं, हे मला आणि तुम्हाला न बोलता कळलं होतं.

माझ्यासारख्या ऑपरेशन झालेल्या दोघीजणी तुमचा पत्ता मागत आहेत. देऊ ना? त्यांना पनीरची खिचडी शिकवायची की करूनच द्यायची, ते तुम्ही ठरवा, पण त्यांच्याकडून रीतसर पैसे घ्या. आणि यंदाच्या चिवड्याची माझी ऑर्डर आत्ताच वहीत लिहा, अर्धा किलो, तशाच पुड्या. गेल्या वेळेसारखं "लेकीकडून कसले पैसे" चालणार नाही. यांच्या हाती पाकीट पाठवते आहे, ते परत आलं तर मी स्वतः येऊन गल्ल्यात टाकेन.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली