पळ काढणे, पसार होणे आणि निर्वासित

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी बातम्या मराठीत आणताना पळण्याच्या सगळ्या छटा ‘पळ काढला’ या एकाच शब्दप्रयोगात कोंबल्या जातात, हे मनाला खटकते. ‘फ्ली’ या क्रियापदात पाठीमागे संकट असते, सुटका झालीच असे मात्र नाही, ‘एस्केप’मध्ये ती पदरात पडलेली असते, आणि ‘ॲब्स्कॉन्ड’साठी आपला ‘फरार होणे’ अगदी नेमका आहे. ऑगस्ट 2024मध्ये वडोदऱ्यातील विश्वामित्री नदीच्या पुरात घर सोडावे लागलेल्यांनी ‘पळ काढला’ असे लिहिले, तर त्यांच्यावर भित्रेपणाचा ठपका बसतो.

‘फ्युजिटिव्ह’ आणि ‘रेफ्युजी’ हे पळण्याच्या एकाच लॅटिन धातूपासून आलेले शब्द. परंतु पहिल्याच्या मागे कायदा लागलेला असतो, तर दुसरा कायद्याचे संरक्षण मागत असतो. 1951च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार छळाच्या रास्त भीतीमुळे स्वदेशाबाहेर असलेली व्यक्ती ‘रेफ्युजी’, म्हणजेच निर्वासित, ठरते. त्यामुळे सरदार सरोवरात गावे गेल्याने आमच्या वडोदरा जिल्ह्यात वसवलेल्या कुटुंबांना ‘निर्वासित’ न म्हणता ‘विस्थापित’ म्हणावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
दांडिया बाजार, वडोदरा