तोल माईकने बिघडवला, वादकांनी नव्हे

माननीय संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात शहरात झालेल्या एका युरोपीय चेंबर ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाचा वृत्तान्त आपल्या दैनिकात वाचला. त्या कार्यक्रमाला मीही उपस्थित होतो. व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, मधल्या पट्टीतले वाद्य) जवळजवळ ऐकूच आले नाहीत, खर्जातला डबल बास मात्र सतत अंगावर येत राहिला आणि हाताच्या खुणांनी वादकांना सांभाळणारा कंडक्टर समोर उभा नसल्यामुळे हे होणारच होते, असा आपल्या प्रतिनिधींचा अभिप्राय आहे. यातले निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्याचे खापर मात्र चुकीच्या डोक्यावर फुटले आहे, आणि त्यामुळे नावारूपाला आलेल्या व्यावसायिक वादकांच्या लौकिकाला उगाच बट्टा लागतो, म्हणून हे पत्र.

चेंबर ऑर्केस्ट्रात कंडक्टर नसणे ही काटकसर नव्हे. (आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आणि 'कंडक्टर' म्हटले की पीएमपीची बस आठवते, तेव्हा थोडा गोंधळ क्षम्य मानू.) ऐंशी-शंभर वादकांच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात शेवटच्या ओळीतल्या ट्रॉम्बोनवाल्याला पुढची व्हायोलिन धड ऐकू येत नाहीत, तिथे सगळ्यांना दिसेल असा एक हात लागतोच. पंचवीस-तीस जणांच्या संचात शेजाऱ्याने घेतलेला श्वासही कळतो. लंडनची 'अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स' १९५८ मध्ये नेव्हिल मॅरिनर यांनी स्थापन केली, तेव्हा ते स्वतः पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत बसून, वाजवता वाजवताच सर्वांना सांभाळत. हातात कंडक्टरची छडी त्यांनी पुढे घेतली. पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे नावावर असलेल्या याच संस्थेचे संगीत संचालकपद २०११ मध्ये जोशुआ बेल यांच्याकडे आले, आणि तेही व्हायोलिन वाजवत नेतृत्व करतात.

न्यूयॉर्कच्या 'ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा'ने तर १९७२ पासून कंडक्टर हे पदच ठेवलेले नाही. काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असताना कार्नेगी हॉलमध्ये त्यांना ऐकण्याचा योग आला. पहिली रचना संपली, टाळ्या झाल्या आणि वादकांनी उठून चक्क जागा बदलल्या. आतापर्यंत मागे बसून दुसऱ्या व्हायोलिनची साथ करणारी बाई पुढच्या रचनेला अग्रस्थानी येऊन बसली. तिने भुवई उंचावली, गज किंचित वर उचलला, आणि सगळे एका क्षणी समेवर यावेत तसे सुरू झाले. नंतर चौकशी केल्यावर त्यामागची पद्धत कळली. प्रत्येक रचनेसाठी काही वादकांचा छोटा गट आधी बसून लय, वजन, कुठे थांबायचे आणि कुठे ओसरायचे हे ठरवतो, मग सर्वांची तालीम होते, आणि त्या तालमीत एखादा वादक वाद्य खाली ठेवून प्रेक्षागृहात जाऊन बसतो व कोण जास्त होते, कोण बुडते ते तिथून सांगतो. कंडक्टरचे काम अशा रीतीने सगळ्यांत वाटले जाते आणि तालमीचे तास वाढतात. या संस्थांची पत त्या तासांतून आलेली आहे.

आता आपल्या कार्यक्रमाकडे येतो. सभागृह जेमतेम चारशे आसनांचे होते, तरीही दर दोन वादकांमागे एक माईक लावलेला होता. माझ्या मागच्याच रांगेत ध्वनिव्यवस्थेचे टेबल होते. चायकोव्हस्कीच्या तंतुवाद्यांसाठीच्या सेरेनेडमध्ये तिसऱ्या भागाच्या शेवटी व्हायोलिनच्या घोडीवर म्यूट (आवाज दबवणारा छोटा चिमटा) चढवून सूर विरत नेतात. वादक आवाज कमी करत गेले तसतसा टेबलावरच्या गृहस्थांनी तो इमानेइतबारे वाढवत नेला. मी मागे वळून पाहिले तेव्हा त्यांनी मला अंगठा दाखवून 'सगळे ठीक' अशी खूणही केली. त्यांना दोष देत नाही, त्यांना कोणी काही सांगितलेच नसणार. 'चेंबर' म्हणजे दालन. हे संगीत दिवाणखान्यातल्या बैठकीसाठी जन्माला आले, आणि त्याला मंडपाची ध्वनियंत्रणा लावली तर बास फुगणार आणि मधल्या पट्टीतला व्हायोला गडप होणार हे ठरलेलेच. १९५३ पासून आपण सवाई गंधर्व महोत्सव मंडपात बसून ऐकत आलो, तिथे हजारोंच्या समुदायाला माईकवाचून गत्यंतर नाही, म्हणून कदाचित मैफल म्हटली की कर्णे हवेतच अशी आपली समजूत झाली असावी. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला पुण्याहून पहाटेची गाडी पकडून जाणारे आमच्यासारखे श्रोते तिथे कर्ण्याशिवाय ऐकतात आणि इथे परत आल्यावर अशी तडजोड करतात.

माझे म्हणणे ऐकीव नाही. त्याच दिवशी दुपारी राखून ठेवलेली तिकिटे घ्यायला गेलो असता प्रेक्षागृहाचे दार उघडे होते आणि आत तालीम चालू होती. माईक अजून खोक्यांतच होते. शेवटच्या रांगेत एक चेलोवादक हाताची घडी घालून बसला होता; त्याने एकदा मंचाकडे पाहून तळहात खाली केला, तशी बासची दोन्ही मंडळी मागे सरली आणि दाराशी उभ्या असलेल्या मला व्हायोलाची ओळ पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत स्पष्ट ऐकू आली.

आपल्या वृत्तान्तातील तेवढ्या एका वाक्याची दुरुस्ती छापावी आणि पुढच्या वेळी आपल्या प्रतिनिधींना शक्य झाल्यास दुपारच्या तालमीलाही पाठवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे