कॅरोलिनाचा भात भरतीवर पिकला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींवरच्या लेखाने ‘दक्षिणेत हवा उष्ण, जमीन सुपीक, म्हणून मोठे मळे आणि गुलामगिरी’ असे एका वाक्यात उरकले आहे. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याला हे वाक्य लावता येत नाही. तिथला भात समुद्राच्या भरतीवर पिकला.

सुरुवातीला तिथे आतल्या दलदलीत बांध घालून, साठवलेल्या पाण्यावर भात घेत. पाऊस लांबला की साठा आटे, फार झाला की बांध फुटे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही शेती कूपर, सँटी, वॅकमॉ अशा नद्यांच्या काठी सरकली. भरतीचे पाणी नदीला तुंबवते आणि वरचे गोडे पाणी उचलले जाते, हे तिचे मर्म. चार्ल्सटनला भरती-ओहोटीतला फरक पाचेक फुटांचा. शेत मुखाजवळ असेल तर पाणी मचूळ, फार वर असेल तर भरतीचा जोर पोचत नाही. म्हणून प्रत्येक नदीवर मधला काही मैलांचा पट्टाच कामाचा.

पेण-अलिबागकडच्या खारबांधाची उघाडी पाहिलेल्यांना पुढचे लगेच कळेल. आपली उघाडी ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटून खारे पाणी अडवते. कॅरोलिनात बांधाच्या तळातून लाकडी पेटी आरपार घातलेली असे आणि तिच्या दोन्ही तोंडांना दार. शेत भरायचे तर नदीकडचे दार उचलून ठेवायचे. भरती आतले दार ढकलून शिरे, आणि ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्याच दाबाने ते मिटे. पाणी काढायचे तर याच्या उलट.

मार्च-एप्रिलमध्ये पेरणी. उघड्या चरातले बी तरंगू नये म्हणून ते आधी चिकणमातीत घोळवत. मोड येईपर्यंत पहिले पाणी, रोपे दिसू लागली की तण मारायला दुसरे. मग शेत कोरडे करून काही आठवडे खुरपणी, आणि शेवटी ताटे आडवी पडू नयेत म्हणून कापणीच्या तोंडापर्यंत पाणी वाढवत न्यायचे. कोरड्या उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की खारे पाणी वर सरके, तेव्हा एकदा चुकून दार उघडले तरी पीक जळे. चिंगाट्या आणि उंदरांसारखे पाणथळ प्राणी बांध पोखरत. वादळांचा मोसम तर नेमका कापणीच्या दिवसांत. १७५२ च्या सप्टेंबरात चार्ल्सटनला असेच भीषण वादळ झाले.

हे बांध गुलामांनी कुदळ-फावड्याने घातले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खारफुटी तोडून, बांध घालून भात घेण्याची जुनी रीत होती आणि आणलेल्यांपैकी अनेकांना भातशेती आधीपासून येत होती. लेखात त्यांच्या श्रमाचा उल्लेख आहे, कसबाचा नाही. ही मोठी उणीव आहे. काम नेमून दिलेले असे: साधारण १०५ फूट बाजूचा चौरस, म्हणजे आपले दहा गुंठे, एका दिवसाला एका माणसाने खुरपायचा. तुंबलेल्या पाण्यामुळे हिवताप ठरलेला, म्हणून मळेवाले उन्हाळाभर मळा सोडून जात. गुलामांना तिथेच राहावे लागे. गोऱ्यांचा वावर इतका कमी असल्यानेच गल्ला ही त्यांची स्वतंत्र बोली त्या किनाऱ्यावर टिकली.

मात्र भूगोलाने गुलामगिरी आणली, हेही खरे नाही. सव्हाना नदीपलीकडच्या जॉर्जियाला तसाच किनारा, तशाच दलदली. तिथे १७३५ पासून गुलाम ठेवण्यास कायद्याने बंदी होती. वसाहतवाल्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, १७५१ मध्ये बंदी उठली आणि त्यानंतर तिथल्या नदीकाठीही गुलामांच्या श्रमावरचे भाताचे मळे उभे राहिले. पुढच्या भागात जॉर्जियाची ही सोळा वर्षे जरूर यावीत.

आपला,
एक वाचक, पेण