शेंडीच्या मावशींना, त्या तीन खुर्च्यांसाठी

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

भंडारदऱ्याहून घरी येऊन आज बारा दिवस झाले. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच अण्णांच्या जेवणाची चौकशी सुरू करता. बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेलच. त्याला म्हणावं, भरभर वाचू नकोस.

अण्णांना, माझ्या वडिलांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय बराच सुधारला, हात थोडा सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. पाणी हवं असेल तर पंखा म्हणतात, मला आत्याच्या नावाने हाक मारतात, आणि आपण चुकलो हे त्यांना कळतं, ते जास्त वाईट. काठी आणि कुणाचा तरी खांदा धरून वीसेक पावलं चालतात. मग दम लागतो.

असे हे अण्णा गेल्या जानेवारीत भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. त्यावर कुठल्याशा धरणाचं चित्र होतं. त्यावर बोट ठेवून ते स्पष्ट म्हणाले, "शेंडी." दोनदा म्हणाले. घरात सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. 1970 ते 1976 अण्णा राजूरला शिक्षक होते. लग्न तिथे असतानाच झालं. रविवारी एसटीने भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाला जायचं, धरणावर बसायचं, भाकरी खायची आणि शेवटच्या गाडीने परत, हे आम्ही आईच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेलं. आईला जाऊन आता चार वर्षं होतील. अण्णांना कुठे जायचं होतं ते आम्हाला त्या एका शब्दात कळलं.

आता जे सांगते ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही मे महिन्यात एकदा येऊन गेलो होतो. जलाशयाच्या काठावरचा एक व्हिला फोटो बघून ठरवला. फोटोत पाणी अगदी पायरीला लागलेलं. मी फोनवर नीट विचारलं होतं. पायऱ्या किती? "दोन-तीनच मॅडम." कमोड आहे ना? "सगळं आहे मॅडम." पाणी दिसतं ना? "बेडवरून दिसतं." पूर्ण पैसे आधी भरले. दोन दिवस शिरा-पुऱ्यांची तयारी, औषधांचे डबे, अण्णांची आवडती उशी. डोंबिवलीहून पहाटे निघालो.

रस्त्यापासून व्हिलापर्यंत खाली चौतीस पायऱ्या होत्या. मी मोजल्या. उंच-सखल, कठडा नाही. आणि पाणी कुठे होतं? भेगाळलेल्या मातीचा आणि दगडगोट्यांचा लांबलचक पट्टा पसरलेला, त्याच्या पलीकडे खोल खाली एक चमकती रेघ. ते फोटो पावसाळ्यानंतरचे होते. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यांना आवर्तनं सोडत सोडत उन्हाळ्यात असंच उतरतं, ते पाणी खालच्या शेतीसाठीच आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. घर भाड्याने देणाऱ्यालाही ठाऊक होतं. त्याने सांगितलं नाही इतकंच.

अण्णा दीड तास गाडीत बसून होते. दार उघडं, डोक्यावर ओला पंचा. मी वर-खाली करत होते, फोन लावत होते. शेवटी तिथला माणूस म्हणाला, "आजोबांना उचलून घ्या ना. दोन पोरं देतो." अण्णांसमोर म्हणाला. जणू काही अण्णांना ऐकू येत नाही, समजत नाही. तीसेक वर्षं वर्गासमोर ताठ उभा राहिलेला माणूस हो. त्यांनी मान काचेकडे वळवली ती इगतपुरीपर्यंत परत वळवली नाही. पैसे परत मिळाले नाहीत. मला पैशांचं दुःख आता उरलेलं नाही, पण तो "उचलून" शब्द अजून कानात आहे. त्यानंतर तीन महिने अण्णांनी शेंडीचं नाव काढलं नाही.

ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एका मुलीने तुमचा नंबर दिला. ती कळसूबाईला आलेली असताना तुमच्याकडे राहिली होती. खरं सांगते मावशी, फोन लावताना मी भांडायच्या तयारीनेच बसले होते. सगळे पहिल्यांदा तारीख विचारतात, मग माणसं किती, मग व्हेज का नॉनव्हेज. तुम्ही विचारलंत, "कोणासाठी येताय?"

मी सांगितलं. आणि तुम्ही म्हणालात, "मग आता नका येऊ."

घरात येऊ पाहणाऱ्या पैशाला असं दारातून परत पाठवणारी व्यक्ती मी पहिल्यांदा पाहिली. आता धुकं आहे, दहा पावलांवरचं दिसत नाही, दगडांवर शेवाळ आहे, म्हातारा माणूस घसरला तर काय करायचं? 15 ऑगस्टच्या आसपास धरण भरतं, मग सुट्टीला सगळी मुंबई, पुणे, नाशिक इथे येतं, बारी गावापासून गाड्या अडकतात. कोजागिरी होऊ द्या. पाणी काठोकाठ असेल, पाऊस सरलेला असेल. आणि शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी या. हे सगळं तुम्ही एका दमात सांगितलंत आणि मी वहीत लिहून घेतलं. अण्णांच्या शाळेतल्यासारखं.

मग घराचं सांगितलंत. गाडी अंगणात येते. ओट्याला दोन पायऱ्या आहेत, दुसरी जरा उंच आहे. कमोड आहे, पण दार अरुंद आहे, चाकाची खुर्ची आत जाणार नाही. वीज जाते. मोबाइलला रेंज फक्त ओट्याच्या कोपऱ्यात. परसातून पाण्यापर्यंत पायवाट आहे, पायऱ्या नाहीत, पण उतार आहे. मी मनात म्हटलं, ही बाई स्वतःच्या घराची जाहिरात करतेय की आम्हाला घाबरवतेय? पण त्या एका फोननंतर मला झोप लागली. मे महिन्यापासून पहिल्यांदा असं वाटलं की आपण जिथे जाणार ते खरोखरच तिथे आहे.

फोन ठेवताना तुम्ही विचारलंत, "किती पावलं चालल्यावर बसावं लागतं त्यांना?"

मावशी, दोन वर्षांत डॉक्टरांनी विचारलं, फिजिओथेरपिस्टने विचारलं, ते सगळे वहीत भरण्यासाठी. नातेवाइकांनी तर "आता चालतात ना बरे" एवढंच. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, वीस, फार तर बावीस. तुम्ही म्हणालात "बरं", आणि फोन ठेवलात. मीही नंतर विसरून गेले.

कोजागिरीनंतरच्या मंगळवारी आम्ही निघालो. कसारा घाट, इगतपुरी, घोटीला उजवीकडे वळलो तेव्हापासून अण्णा काचेला नाक लावून होते. बारीला कळसूबाईकडे त्यांनी हात जोडले. तुमच्या दारात आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्या रात्रीच्या जेवणाचं वेगळं पत्र लिहावं लागेल. आमच्या ताटात नागलीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी. अण्णांना गिळायला त्रास होतो हे मी फक्त एकदा बोलले होते, त्यांच्यापुढे तुमच्या शेतातल्या तांदळाचा आसट भात आला, वर तुपाची धार. ताट वेगळं नाही, वाटी वेगळी नाही. सगळ्यांच्या पंगतीत.

सकाळी परसातून निघालो. दोन्ही बाजूंना भात पिवळा पडायला लागलेला, एका खाचरात सोंगणी सुरू होती. बांधावर सोनकीची शेवटची फुलं. माझ्या खांद्यावर अण्णांचा हात आणि मनात धाकधूक. त्यांचा श्वास वाढला की मला खांद्यावर कळतं, बोटं घट्ट होतात. ती घट्ट व्हायला लागली आणि मी "थांबू या का" म्हणणार, एवढ्यात समोर खुर्ची.

लाल प्लास्टिकची, उन्हाने गुलाबी झालेली. एका हाताचं टोक तुटलेलं, तिथे जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून सुतळीने बांधलेली, बोचू नये म्हणून. बसायच्या जागी घोंगडी चौपदरी घालून ठेवलेली. उतारावर खुर्ची कलते, म्हणून पुढच्या दोन पायांखाली चपटे दगड. मी ते दगड नंतर वाकून बघितले. एकाखाली आणखी एक छोटी कपची सरकवलेली होती. म्हणजे कुणीतरी तिथे बसून, हलवून, परत उठून ती कपची लावली होती.

अण्णा बसले. कुणी "थकलात का" विचारलं नाही, कुणी "जरा टेकता का" म्हटलं नाही. वाटेत खुर्ची होती आणि सकाळच्या उन्हात एक माणूस खुर्चीवर बसला. इतकंच घडलं. पण मावशी, आजारी माणसाच्या घरच्यांनाच कळेल ते काय होतं. गेली दोन वर्षं अण्णांचं प्रत्येक बसणं ही एक घोषणा असते. लिफ्टसमोर, बँकेत, लग्नात. सगळे मागे वळतात, कुणीतरी स्टूल आणायला धावतं, अण्णांची मान खाली जाते. त्या दिवशी मान वर होती.

दुसरी खुर्ची उंबराखाली. तिसरी पाण्याजवळ, तुम्ही ओल जपून चार हात मागे ठेवलेली. मधलं अंतर प्रत्येक वेळी बरोबर तेवढंच.

तिथून जे दिसलं ते काय सांगू, तुम्ही रोज बघता. पाणी काठोकाठ, वाराच नाही, डोंगर पाण्यात उलटे. अण्णा बराच वेळ रतनगडाकडे बघत राहिले. मग डावा हात उचलून बोट दाखवलं आणि म्हणाले, "नेढं."

एवढ्या लांबून मला काही नेढं दिसलं नाही. पण शब्द बरोबर होता! दुसरंच काहीतरी बाहेर पडलं नव्हतं. आई-अण्णा एकदा रतनवाडीहून गडावर गेले होते, नेढ्यात, म्हणजे गडाच्या कातळातल्या त्या आरपार भोकात, बसून आईने पाय सोडले आणि अण्णा घाबरले, ही गोष्ट आई सांगायची. मी विचारलं, "आई बसली होती तेच ना?" ते हसले. पुढचं मला लिहिता येत नाही.

आम्ही तीन दिवस राहिलो. रंधा धबधबा पाहिला नाही, सांदण दरी पाहिली नाही, अमृतेश्वराचं दर्शनही राहिलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, मग गेलात कशाला? मी काय सांगणार? रोज सकाळी तीन खुर्च्या, रोज संध्याकाळी तीन खुर्च्या. शेवटच्या दिवशी अण्णांनी दुसरी खुर्ची गाळली.

आणि निघताना तुमच्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुम्ही सांगणार नव्हतात, हे पण त्यांनीच सांगितलं. माझ्या फोननंतर तुम्ही त्यांना काठी देऊन परसातून चालवत नेलं होतं. "माझी पावलं मोठी पडतात, तुमची पडतील तशी मोजू," असं म्हणून. वीस झाली की दगड ठेवायचा. आजी म्हणाल्या, "मला वाटलं हिला खूळ लागलं." आणि हसल्या. आमचं येणं तेव्हा अजून दोन महिने लांब होतं. आम्ही एक रुपया दिलेला नव्हता.

मावशी, चांगली माणसं मला खूप भेटलीत. घोटीच्या चौकात अण्णांना उतरताना बघून एका टेंपोवाल्याने न सांगता टेंपो मागे घेतला. आमच्या इमारतीतला वॉचमन रोज अण्णांसाठी लिफ्ट धरून ठेवतो. या सगळ्यांच्या जिवावर आमचे दिवस निघतात. पण दुसऱ्याचा दम कुठे संपतो ते आधीच मोजून ठेवणं, आणि त्याबद्दल चकार शब्द न काढणं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही ते कुठे शिकलात, विचारायचं राहिलं.

पाण्याकाठी घरं भाड्याने देणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून एवढंच सांगायचं आहे. पायऱ्या चौतीस असतील तर चौतीस सांगा. मे महिन्यात पाणी उतरतं ते सांगा. आम्ही कदाचित येणार नाही, कदाचित नंतर येऊ. पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दीड तास गाडीत बसवू नका.

तुमच्यासाठी सोबत एक पाकीट पाठवतेय. आजींना लोकरीचा स्वेटर आहे, मापाचा अंदाज चुकला असेल तर कळवा. आत एक कागदही आहे. अण्णांनी डाव्या हाताने लिहिलाय, दोन दिवस लागले. अक्षर लागणार नाही कदाचित, वरच्या ओळीत "शेंडी" आहे आणि खाली त्यांची सही, शाळेच्या निकालपत्रावर करायचे तशीच.

पाणी उतरायच्या आत, जानेवारीत परत यायचं म्हणतोय. मधल्या वारीच. तारीख तुम्ही सांगाल ती. आणि ती लाल खुर्ची जुनी झाली म्हणून टाकून देऊ नका. आता पावलं पंचवीसवर गेलीत, कपची तेवढी थोडी पुढे सरकवावी लागेल.

तुमची,
अण्णांची मुलगी
डोंबिवली