होम मैदानावरच्या फुगेवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

अकरावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना तुम्ही फुगे दिलेत आणि ते बांधायची रीतही दिलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

मध्यवर्ती अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना ढकलतात आणि जमेल तितक्या लांब जाऊन बसतात. गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी 1957 साली मांडलेली ही गोष्ट फळ्यावर पटत नाही, कारण फळा सपाट. मिथेनचे चार बंध तिथे 90 अंशांवर निघतात. खरा कोन 109.5.

म्हणून एका जोडीला एक फुगा धरायचा. पण चार फुगे एकाच दोऱ्यात बांधले की मध्ये पोकळी राहते, फुगे लोंबतात. तुमची रीत वेगळी: मानेला मान बांधून दोन-दोनची जोडी करायची, मग जोडीवर जोडी आडवी ठेवून पीळ द्यायचा. हवा पंप मोजून सारखी, आणि फुगा पाऊण भरला की थांबायचं. गच्च भरलेला फुगा आपल्या सोलापूरच्या उन्हात हवा प्रसरण पावून फुटतोच. हा चौकडा टेबलावर दाबून सपाट केला आणि हात उचलला, की टुणकन चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार! तेवढं पाहिलं की मुलं सपाट मिथेन काढत नाहीत.

खरी चूक होते एकाकी जोडीत, म्हणजे बंधात न गेलेल्या इलेक्ट्रॉन जोडीत. अमोनियात हायड्रोजन तीन, म्हणून आकार सपाट त्रिकोण, असं लिहून मोकळे. अरे, नायट्रोजनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन 5. 3 बंधांत गेले, 2 उरले, म्हणजे एक जोडी. फुगे चारच! बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनचे तिन्ही संपतात, तिथेच तो त्रिकोण खरा. एकाकी जोडीला एकच केंद्रक धरून असतं, म्हणून ती पसरून बसते. तुमचा मोठा पांढरा फुगा तिच्यासाठी. तो घातला की बाकीचे तीन जवळ सरकतात: अमोनियात कोन सुमारे 107. पाण्यात पांढरे दोन, कोन 104.5. दुहेरी बंधाला मात्र फुगा एकच, म्हणून कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत.

आता सल्फर टेट्राफ्लोराइड घ्यायचंय. चार बंध आणि एक एकाकी जोडी, म्हणून फुगे पाच: तिघांचा पट्टा मधे, एक वर, एक खाली. पांढरा वर ठेवला तर 90 अंशांवर तीन शेजारी, पट्ट्यात ठेवला तर दोनच. म्हणून तो पट्ट्यातच बसतो आणि रेणू सी-सॉसारखा दिसतो. पाच गटांसाठी 20 लहान आणि 5 मोठे पांढरे बाजूला काढून ठेवा, मामा. सोमवारी सकाळी न्यायला येतो.

तुमचे,
रसायनशास्त्राचे शिक्षक, सोलापूर